जाहिरात आणि लेखणी

सकाळी दारात येऊन पडणाऱ्या वृत्तपत्राची जी किंमत आपण देतो, तीत त्याच्या कागदाचा व छपाईचा खर्चही बहुधा भागत नाही. उरलेला भार मुख्यतः जाहिरातदार उचलतात. अशा रीतीने वृत्तपत्राला दोन पोशिंदे लाभतात, वाचक आणि जाहिरातदार. आणि दोघांचे हित नेहमी एकच असते असे नाही. एखाद्या कारखान्याचे दूषित पाणी नदीत मिसळत असेल, तर ती बातमी वाचकाला हवी असते. त्याच कारखान्याची पानभर जाहिरात व्यवस्थापकाला हवी असते. अशा वेळी संपादकाला कोणी धमकी द्यावयास येतोच असे नाही. बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर जाते, तिच्यातून कारखान्याचे नाव गळते, आणि पुढे पुढे वार्ताहर तशी बातमी आणण्याचेच टाळू लागतो. सरकारी बंदी निदान सर्वांना दिसते. हा संकोच मात्र वाचकाच्या कधी ध्यानातही येत नाही.

पाहुणचाराचेही तसेच आहे. कंपनीच्या खर्चाने प्रवास करून आलेल्या वार्ताहराची लेखणी यजमानाचे दोष लिहिताना अडखळते. म्हणून १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रेस कौन्सिलने अर्थविषयक वार्ता देणाऱ्या पत्रकारांसाठी नियम घालून दिले. आपल्या निःपक्षपातीपणास बाध आणतील अशा भेटी, कर्जे, सहली वा सवलती त्यांनी स्वीकारू नयेत. आणि कंपनीच्या खर्चाने तिचे काम पाहावयास गेल्यास तसे वृत्तांतात स्पष्ट नमूद करावे.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी १९०३ साली डर्बन येथे 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक निघाले. त्याचा भार गांधीजींवर होता. एके काळी त्यांना त्यासाठी दरमहा ७५ पौंड पाठवावे लागत. असे असूनही पुढे १९१२ साली या पत्राने जाहिराती घेणे बंद केले! गांधीजींनी त्याची कारणे सांगून ठेवली आहेत. कोणती जाहिरात घ्यावी व कोणती नाकारावी, याची विवंचना नित्याची होती. एखादी जाहिरात अयोग्य वाटली, तरी ती देणारा समाजातील वजनदार गृहस्थ असल्यास त्याला दुखवणे जड जाई. चांगली माणसे जाहिराती मिळवण्यात, थकबाकी वसूल करण्यात व जाहिरातदारांची मनधरणी करण्यात गुंतून पडत. शिवाय पत्र लोकसेवेसाठी असेल, तर ते लोकांना हवे आहे की नाही, हे वर्गणीदारांच्या संख्येवरूनच कळावे, असे त्यांना वाटे.

जाहिराती थांबल्यावर ती माणसे पत्र सुधारण्याच्या कामी लागली. पत्र आपले आहे व ते चालवण्याची जबाबदारीही आपलीच आहे, हे लोकांना उमगले. आणि कोणाही भारतीयाकडे वर्गणी मागताना कार्यकर्त्यांना पूर्वी वाटणारा संकोच उरला नाही.