आई-बाबांचा पंचतारांकित मुक्काम

गेटवे ऑफ इंडियासमोर उभं राहून काढलेला एक तरी फोटो महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये सापडतो. कधी तो शाळेच्या सहलीतला असतो, कधी लग्नानंतरच्या पहिल्या मुंबईवारीतला. मागे ताजमहाल हॉटेलचा घुमट दिसतो आणि फोटोतल्या माणसांपैकी क्वचितच कोणी त्या हॉटेलात पाय ठेवलेला असतो. दरवान अडवील ही भीती तर होतीच, पण मुळात आत आपलं काही काम असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. आता याच माणसांची मुलं मिळवती झाली आहेत. साठी, पंच्याहत्तरी किंवा लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आला की साडी नि अंगठीच्या जोडीला आणखी एक भेट सुचवली जाते: शहरातल्या बड्या हॉटेलात एका रात्रीचा मुक्काम.

त्यावर पहिलं उत्तर ठरलेलं. "कशाला उगाच पैसे घालवता?"

ही निव्वळ काटकसर म्हणता येत नाही. मराठी मध्यमवर्गात मुंबईला जायचं म्हणजे मामाकडे नाहीतर आत्याकडे उतरायचं आणि दोन खोल्यांत आठ जणांची अंथरुणं ओळीनं घालायची, अशी रीत होती. पैसे मोजून राहायची वेळ यायची ती देवाच्या गावी. शेगाव, शिर्डी किंवा अक्कलकोटच्या भक्तनिवासात ओळखपत्र दाखवायचं, किल्ली घ्यायची, गरम पाण्याची वेळ विचारून ठेवायची आणि पहाटे दर्शनाच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. खोली फक्त पाठ टेकण्यापुरती. पंचतारांकित हॉटेलात मात्र खोली हेच दर्शन असतं, आणि आयुष्यभर खोलीबाहेरच्या कामासाठी प्रवास केलेल्या माणसाला तिथे नेमकं काय करायचं हा प्रश्न खरोखरच पडतो.

असे बेत फसतात तेव्हा हॉटेलात काही कमी असतं असं नाही. फुकट काय आणि पैशाचं काय, हात कशाला लावायचा आणि कशाला नाही, हे न कळल्यानं आई-बाबा अंग चोरून बसतात. टेबलावर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवलेल्या असतात, बहुधा मोफत. शेजारच्या मिनीबारमधली काचेची देखणी बाटली मात्र बिलात येते. दोन्हींतला फरक सांगणारी चिठ्ठी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असते. परिणाम असा, की आई दोन्ही बाटल्यांना हात न लावता घरून आणलेलं पाणी पुरवून पुरवून पिते. तिची ही सावधगिरी अगदीच अनाठायी नाही. हॉटेल आणि रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे.

पैशाचा हिशेब मुलांनी घरीच, आई-बाबांच्या नजरेआड उरकलेला बरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात शंभराचा फरक, बिलात १,०९३ चा. मुंबईतल्या नावाजलेल्या हॉटेलांचं भाडं या रेषेच्या कितीतरी वर असतं. १२,००० ची खोली करासकट १४,१६० रुपयांना जाते. अशा महागड्या हॉटेलांतल्या जेवणावरही १८ टक्के कर असतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के. बिलात वर सेवाशुल्क लावलेलं असेल तर ते काढायला सांगता येतं. ते आपोआप लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. ही हुज्जत घालायचीच असेल तर आई-बाबा लिफ्टकडे गेल्यावर घालावी, एवढंच.

भाडं रोज बदलतं. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरीचा विमानतळ परिसर किंवा पुण्यातलं हिंजवडी इथली हॉटेलं आठवडाभर कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथले दर अनेकदा उतरतात. समुद्रकाठच्या आणि सुट्टीसाठी जायच्या हॉटेलांचं गणित नेमकं उलटं.

खरी परीक्षा रिसेप्शनवर होते. मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा पुण्यात, बुकिंग तिकडून कार्डानं झालेलं, हे आता नेहमीचं चित्र आहे. खोलीचे पैसे भरलेले असले तरी काउंटरवर वरखर्चासाठी डिपॉझिट किंवा कार्ड मागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ज्या कार्डावर बुकिंग झालं तेच दाखवा म्हणतात. बाबांच्या खिशात पेन्शन खात्याचं डेबिट कार्ड. "आमच्या मुलानं सगळं भरलंय हो," असं परक्या माणसाला दोनदा सांगावं लागलं की भेटीतली निम्मी गंमत तिथेच जाते. हॉटेलला आधी ईमेल करून दुसऱ्याच्या कार्डावर खर्च टाकण्याचं संमतिपत्र मागवलं, ते भरून पाठवलं आणि खोली आई-बाबांच्या नावानं ठेवायला सांगितली, तर हा प्रसंग टळतो. ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड सहसा चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. मुलगा परदेशी पासपोर्टवर सोबत राहणार असेल तर त्याच्या मुक्कामाची नोंद हॉटेलला सरकारदरबारी करावी लागते. पासपोर्टबरोबर व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हाताशी हवं. दारातल्या सुरक्षा तपासणीत पेसमेकर असलेल्या वडिलांनी तसं आधी सांगून हातानं तपासणी करायला लावावी.

मग खोली. दार उघडतं पत्त्याएवढ्या कार्डानं, आणि तेच कार्ड आतल्या भिंतीवरच्या खाचेत खोचल्याशिवाय दिवे लागत नाहीत. हे माहीत नसलेलं जोडपं अंधारात बटणं दाबत उभं राहतं. बटणंही कसली, अनेक ठिकाणी आता काचेची गुळगुळीत पट्टी असते. दिवा घालवायला जावं तर पडदा सरकतो. एसी इतका थंड की आई शाल काढते, आणि पांघरूण गादीखाली असं घट्ट खोचलेलं की त्यात शिरायचं कुठून ते कळत नाही. मुलांनी पहिली दहा मिनिटं द्यावीत ती यासाठी. दोन दिवे आणि एसी कसा चालतो ते दाखवावं, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा, पांघरूण मोकळं करावं.

बाथरूमकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं, आणि नेमका त्याचाच विचार बुकिंग करताना कोणी करत नाही. फोटोत देखणा दिसणारा बाथटब सत्तरीतल्या गुडघ्यांचा वैरी. जुन्या बांधणीच्या खोल्यांत शॉवर टबातच असतो, म्हणजे आंघोळीसाठी उंच कड ओलांडून ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर उभं राहायचं आणि तसंच परत बाहेर यायचं. म्हणून सपाट जमिनीवरचा शॉवर असलेली खोली मागून घ्यावी. पर्यटन मंत्रालयाच्या तारांकनाच्या निकषांत अपंग पाहुण्यांसाठी सोयीची निदान एक खोली असणं अपेक्षित आहे. तिथे दार रुंद असतं आणि बाथरूममध्ये धरायला दांड्या असतात. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी तीच खोली मागावी, त्यात संकोच कसला? आणि बादली? ती दिसत नाही, पण हाउसकीपिंगला फोन केला की बादली, मग आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल बहुतेक ठिकाणी पाच-दहा मिनिटांत येतं. संगमरवरी बाथरूममध्ये स्टुलावर बसून बादलीनं केलेली आंघोळ वास्तुरचनाकाराला रुचणार नाही, आईला रुचते.

सकाळचा चहा हा दुसरा नाजूक विषय. बाबा पाचला उठणार. खोलीत किटली असते, जोडीला टी-बॅग आणि दुधाची पावडर, आणि त्यातून होणाऱ्या पेयाला चहा म्हणायला मराठी माणूस तयार नसतो. रूम सर्व्हिसचा चहा एका कपाला तीन आकडी रकमेत जातो. किंमत कळली की तो घशाखाली उतरत नाही. आल्याची चहापूड घरून न्यावी आणि आदल्या रात्रीच थोडं दूध मागवून ठेवावं. रूम सर्व्हिसचं मेन्यूकार्ड सरळ कपाटात टाकावं. नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरून घ्यावा, तसं आई-बाबांना तीनदा सांगावं आणि मग त्यांना बुफेसमोर मोकळं सोडावं. पहिल्या फेरीत दोघंही इडली आणि उपमाच घेतात. दुसऱ्या फेरीत बाबा चीजच्या टेबलापाशी रेंगाळताना दिसतात. डोसा करणाऱ्या आचाऱ्याला "जरा कुरकुरीत करा" असं आई सांगते, तेव्हा मुक्काम सत्कारणी लागला असं खुशाल समजावं.

सवयी सुटत नाहीत, सोडवूही नयेत. खोली सोडण्याआधी आई पलंग आवरते, कप विसळून पालथे घालते. तिला आवरू द्यावं. पायातल्या सपाता आणि साबणाच्या वड्या घरी नेता येतात, अंघोळीनंतरचा जाड झगा नाही.

हॉटेल कुठलं निवडायचं, यात मुलांची आवड दुय्यम. ताज निवडलं तर त्यामागे सांगण्यासारखं बरंच काही असतं. ते १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झालं, तेव्हा समोर गेटवे नव्हताच. त्याचं काम पुरं झालं १९२४ मध्ये. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलच्या इमारतीचा आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वाला नेलं. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं रुग्णालय होतं. २००८ च्या नोव्हेंबरमधले दहशतवादी हल्ल्याचे ते दिवस आई-बाबांनी टीव्हीसमोर बसून काढलेले असतात. हॉटेलात प्राण गमावलेल्या ३१ जणांचं स्मारक आत आहे, आणि अनेक ज्येष्ठ पाहुणे तिथे आपणहून थांबतात. बुकिंग करताना एक लक्षात ठेवावं. अल्बममधला घुमट जुन्या पॅलेस भागाचा आहे. शेजारचा टॉवर पुष्कळ नंतरचा, तिथलं भाडं कमी असतं. स्वस्त दर पाहून टॉवर घेतला की बाबा विचारणारच, "ती जुनी बिल्डिंग ती ही नव्हे ना?" मुक्काम परवडत नसेल तर पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घेता येतो, आणि खिडकीतून तोच गेटवे आतल्या बाजूनं दिसतो.

गिरणगावात वाढलेल्यांसाठी लोअर परळ जास्त जवळचं. फिनिक्स मिल १९०५ ची. तिच्या जागेवर आज मॉल आहे आणि सेंट रेजिसचा मनोरा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप ज्यांच्या घरात शिरला होता, त्या घरातल्या वडिलांना तिथे न्यावं की नाही, हे त्यांच्या स्वभावावर आहे. काही जण खिडकीत उभे राहून कुठल्या गिरणीची चिमणी कुठे होती ते तासभर सांगतील, काहींना जेवण जाणार नाही. 'दीवार'मधला विजय आईनं विटा वाहिल्या ती इमारत तिच्यासाठी विकत घेतो आणि आई काही त्यानं सुखावत नाही. तो सिनेमा लिहिणाऱ्या सलीम-जावेद यांना ही गोष्ट १९७५ मध्येच कळली होती. अशा जागेचा बेत आई-बाबांना चकित करण्यासाठी आखू नये, आधी विचारावं.

सोबत राहायचं की नाही, यावर मतं वेगळी आहेत. पहिलीच वेळ असेल तर शेजारची खोली घेऊन राहावं, आणि ते जमत नसेल तर निदान चेक-इनला हजर राहावं. चेक-इन बहुधा दुपारी दोन किंवा तीनला, चेक-आउट अकरा-बाराला. म्हणजे पैसे चोवीस तासांचे वाटले तरी हातात वीस ते बावीसच येतात. त्यात दुपारी सिनेमा, संध्याकाळी नातेवाइकांच्या भेटी असा कार्यक्रम कोंबला तर खोली पुन्हा भक्तनिवासाचीच होते.

डिसेंबर आणि लग्नसराईत दर चढलेले असतात, पावसाळ्यात मुंबईत ते बरेच खाली येतात, शिवाय खिडकीबाहेरचा समुद्र तेव्हाच खरा पाहण्यासारखा असतो. तेव्हा जुलै-ऑगस्टमधली तारीख धरा आणि बुकिंगआधी हॉटेलला फोन करून शॉवर आणि डिपॉझिट या दोन गोष्टी विचारून घ्या. आणि हो, आईचा नाश्त्याचा बुफे उपासात जायला नको असेल तर एकादशी आणि श्रावणी सोमवार तेवढे टाळा.