फिकट लाल, तरी अस्सल

परदेशी राहणारे नातलग हल्ली फ्रेंच वाइन आणतात. रंग फिका, तळाशी गाळ, म्हणून ती बिघडली असे समजू नये. ज्युरा भागातल्या पूलसार द्राक्षाची साल पातळ. म्हणून रंग आमसुलाच्या, कानडीत मुरुगलूच्या, पातळ सारासारखा. चव हलकी, आंबटसर. काही उत्पादक ती न गाळताच भरतात. बाटली उभी ठेवून हलक्या हाताने ओतावी.

मात्र बडोद्याच्या सोयऱ्यांकडे ती भेट म्हणून नेऊ नका. गुजरात राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, तिथे दारूबंदी आहे. परवान्याशिवाय बाटली बाळगणे गुन्हा. न्यायचीच तर आमसुले न्या. गुजराती डाळीतही ती पडतातच!