ब्रेकर वाढवू नका, आधी वायर बघा

सभासद बंधूंनो, चाकण-तळवडे पट्ट्यात आपल्यापैकी कित्येकांच्या ऊसाच्या बांधाला आता पोरांच्या लेथ मशीनची शेड उभी आहे. मोटर चालू करताना ब्रेकर पडला, की सल्ला ठरलेला: "२० चा काढ, ४० चा टाक." हा सल्ला घातकी आहे.

१० हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर चालताना साधारण १४ अँपिअर घेते, थेट सुरू करताना सहापट. पाईपातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वीसेक अँपिअरच सोसते. तिच्यावर ४० चा ब्रेकर बसवला तर वायर आतून भाजत राहील नि ब्रेकर गप्प बसेल. ब्रेकर आहे वायरीच्या रक्षणासाठी. मोटर सांभाळते ती स्टार्टरमधली ओव्हरलोड रिले. म्हणून ब्रेकरचा आकडा मोटरच्या अँपिअरपेक्षा खाली नको, वायरीच्या ताकदीपेक्षा वर नको. तरी पडतोच म्हणाल, तर त्याच आकड्याचा 'डी' जातीचा ब्रेकर घ्या, नाहीतर स्टार-डेल्टा स्टार्टर बसवा.

आणि विहीर लांब असली तर? २०० मीटरला अडीचच्या वायरीत सुमारे ३० व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या वायरीत १३. दाब कमी पडला की मोटर अँपिअर जास्त ओढते, ते वेगळेच.