पांदणीत गाडी नाचते? पाटे वाढवण्याआधी शॉकअप बघा

समुद्रपूर : मागच्या पावसाळ्यात हिंगणघाटहून खत घेऊन येत होतो. गतिरोधकावर माझी जुनी बोलेरो जी उसळली, ती पुढं बरंच अंतर नाचतच राहिली. समोर बैलबंडी. ब्रेक मारला तर गाडीचं तोंड खाली गेलं अन् बंडीपासून हातभर अंतरावर थांबलो. वाटलं ब्रेक गेले. ब्रेक ठीक होते, कंपनीतून आलेले शॉकअप संपले होते. गावात रात्री कोणाला सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचं तर हीच गाडी निघते, म्हणून हे लिहितो.

आपल्याकडं बरेच जण समजतात की गाडीचं वजन शॉकअप उचलतो. तसं नाही. वजन उचलतात पाटे किंवा स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग सुटली की नाचते, तिला आवरायचं काम शॉकअपचं. नळीत तेल असतं, त्यात बारीक छिद्रांचा पिस्टन. तेल छिद्रांतून जोरानं जातं, नाचण्याचा जोर उष्णतेत जिरतो. आपली काळी माती दांड्यावर वाळून बसली की सील घासतं, तेल गळतं, मग आत फक्त रिकामी नळी.

गाडी दाबून सोडायची अन् किती हलते ते बघायचं, ही परीक्षा सगळे सांगतात. पण पाट्याच्या गाडीवर तिचा पूर्ण भरवसा धरू नका, पाटे एकमेकांवर घासून गाडी तशीही थांबवतात. खाली वाकून बघा. नळीवर तेलाचा ओघळ अन् त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तो गेला. टायरवरून हात फिरवा, जागोजागी खोलगट झिजलं असेल तर तीच शंका. खराब रस्त्यानं आल्यावर चारही शॉकअपला जपून हात लावा. तीन कोमट अन् एक थंड असेल, तर थंडवाला काम करत नाही.

बदलताना जोडीनं बदला. एकच नवा टाकला तर गाडी एका बाजूनं वेगळी वागते.

मागचे शॉकअप पाट्याच्या गाडीत घरीही निघतात. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड. जंगलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. जॅक लावावाच लागला तर एक्सलखाली पक्का आधार द्या, कारण शॉकअप काढला की एक्सल खाली लोंबतो अन् ब्रेकचा पाइप ताणतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचंच नाही. नवा तेलाचा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा दाबा-ओढा, आतली हवा निघते. रबरी बुशचे नट शेवटी, चाकं जमिनीवर असताना आवळा. हवेत आवळले तर रबर पिळून लवकर फाटतं. माझ्या पहिल्या जोडीचं तेच झालं होतं, मिस्त्रीनं घाई केली.

पुढं स्प्रिंग अन् शॉकअप एकत्र असलेली गाडी मात्र घरी खोलू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

माल जास्त भरायला काही जण पाटा वाढवतात. गाडी उंच होते, शॉकअप मात्र जुन्याच मापाचा. खड्ड्यात चाक खाली गेलं की तो पूर्ण ताणून झटका खातो. पाटे वाढवले असतील तर लांबी मोजूनच नवा घ्या. अन् पाटाच बसला असेल, तर शॉकअप बदलून गाडी वर येणार नाही.

जुना गॅसचा शॉकअप भंगारात देताना कापायचा किंवा तापवायचा नाही, आत दाब असतो.