साका निघाला तर?

बाजारात हापूस घेणारा माणूस पेटी उघडायला लावतो, देठाजवळ नाक नेतो, एखादं फळ हलकेच दाबून बघतो आणि मग भावावर येतो. वेबसाइटवर यातलं काहीच करता येत नाही. त्यात साक्याची भानगड: फळ बाहेरून पिवळंधमक आणि कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत गर. तो पेटी भरणाऱ्या बागायतदारालाही बाहेरून दिसत नाही. ऑनलाइन दुकानावर भरवसा कसा बसतो किंवा उडतो, हे बघायचं तर आंब्याचंच दुकान बघावं.

अशा बऱ्याच वेबसाइट एकाच साच्यातल्या असतात. वर सरकते फोटो, ‘अस्सल’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, एक सोनेरी शिक्का आणि लाल आकड्यांत उलटं धावणारं घड्याळ. सवलत संपायला म्हणे बाराच मिनिटं उरलीत. पान पुन्हा उघडलं की पुन्हा बारा मिनिटं! असं पान सुधारायला बसलेला जाणता डिझायनर आधी काढाकाढ करतो. शिक्का जातो, घड्याळ जातं. घड्याळाचा प्रश्न आता नुसत्या अभिरुचीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या मांडणीविषयी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांतल्या १३ प्रकारांत अशी खोटी घाई आहे आणि न विचारता टोपलीत वस्तू सरकवणंही.

देखणेपणाला किंमत नाही असं नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बी. जे. फॉग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अडीच हजारांहून अधिक लोकांना वेबसाइटची विश्वासार्हता जोखायला सांगितलं, तेव्हा ४६ टक्के शेऱ्यांत दिसण्याचाच उल्लेख होता. वेडेवाकडे अक्षर-आकार, तुटक्या लिंका, ‘हापुस आंम्बा’ असलं शुद्धलेखन यांनी गिऱ्हाईक दारातूनच परततं. पण रूप त्याला फार तर आत आणतं.

खरी खटपट फोटोंपासून सुरू होते. विकत घेतलेली चकचकीत फोड तीन वेगवेगळ्या दुकानांत दिसते, मग चौथ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याऐवजी स्वतःची बाग, पेंढ्यात रचलेली फळं, तळहातावरचा आंबा, काट्यावरचा आंबा. ‘मोठं फळ’ म्हणजे २५० ते ३०० ग्रॅम, हे काट्यावर दिसलं की वाद मिटतो. हिरवट फळाचा फोटो लावायला मात्र मालक हमखास नकार देतात. वास्तविक प्रवासात टिकावा म्हणून आंबा अर्धकच्चाच पाठवतात आणि तो घरी चार-सहा दिवसांत पिकतो. पानावर पिवळा दाखवून दारात हिरवा पोचवला की ‘फसवलं’ असा फोन येणारच.

मग किंमत. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगते की ऑनलाइन भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे ७० टक्के पैसे न भरता सोडल्या जातात. कारणांत शेवटी वाढणारा खर्च अग्रभागी असतो. म्हणून पिनकोड विचारणारी चौकट किमतीला चिकटूनच हवी. पुण्याला कुरिअरचे किती, नागपूरला किती, हे पत्ता आणि नंबर देण्याआधी कळलं पाहिजे. खातं उघडायची सक्तीही नको.

पैसे भरायच्या पानावर कुलपांची चित्रं डकवण्याची हौस अनेकांना असते. ती निरर्थक आहे. भामट्यांच्या साइटवरही कुलूप दिसतं. गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढलं ते ‘कुलूप म्हणजे भरवशाची साइट’ याच गैरसमजापायी.

सगळ्यात जास्त ओढाताण साक्यावरून होते. मालकाला वाटतं, तो शब्द दिसला तर गिऱ्हाईक बिचकेल. पण हापूस खाणाऱ्याला साका ठाऊक असतोच. त्याला फक्त पुढचं उत्तर हवं असतं. ते अटी-शर्तींच्या तळाशी पुरण्याऐवजी ‘विकत घ्या’ बटणाच्या वरच दोन ओळींत हवं: कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, त्या फळाचे पैसे परत. तीन ताऱ्यांचे अभिप्रायही राहू द्यावेत. एखाद्याची पेटी उशिरा आली आणि मालकाने खाली नीट उत्तर दिलं, तर ते वाचणारा नवा माणूस दहा गोड अभिप्रायांपेक्षा त्यावर जास्त विसंबतो.

राहता राहिलं पानाचं तळ. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तिथे किंवा ठळक ठिकाणी दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. यंदा पेटी मागवण्याआधी तळाशी जाऊन तो पत्ता वाचा, फोन लावून बघा. उचलला नाही तर दुसरं दुकान शोधा. पैसे गेलेच असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.