नोंदींचा ओघ आणि संगणकाची स्मृती

मोठ्या कारभारातील नोंदी एका संगणकावर मावत नाहीत. म्हणून त्या अनेक संगणकांवर विभागून ठेवल्या जातात. ‘एचबेस’ ही अशीच एक व्यवस्था असून, गूगलने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बिगटेबल’च्या आराखड्यावर ती बेतलेली आहे. नोंदींचा ओघ फार वाढला म्हणजे अशी व्यवस्था अडखळते आणि खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाचे काम खोळंबते. अशा वेळी ‘स्मृती वाढवा’ असा सल्ला हमखास दिला जातो. तो बहुधा अपुरा असतो. क्वचित अपायकारकही ठरतो.

जुन्या पेढीवर व्यवहार प्रथम कीर्दीत लिहीत व मागाहून खतावणीत चढवीत. येथेही तसेच घडते. आलेली नोंद आधी डिस्कवरील कीर्दीत उतरते, त्याच वेळी स्मृतीत क्रमवार लावली जाते, आणि स्मृतीतील कप्पा भरला की सारा मजकूर एकदम डिस्कवरील कायम फाईलमध्ये जातो. तक्त्याच्या प्रत्येक विभागास असा स्वतंत्र कप्पा असतो. तो १२८ मेगाबाइटला रिता करावा, असा मूळ नियम आहे. तो चौपट, म्हणजे ५१२ मेगाबाइट फुगला, तर रिता होईपर्यंत त्या विभागाच्या नव्या नोंदी नाकारल्या जातात.

खरी मेख विभागांच्या संख्येत आहे. सर्व्हरवरील या कार्यक्रमास १६ गिगाबाइट स्मृती दिली, तर मूळ नियमाने तिचा ४० टक्के भाग, म्हणजे सुमारे ६,५५४ मेगाबाइट, लेखनाच्या वाट्यास येतो. त्यात १२८ मेगाबाइटचे ५१ कप्पे बसतात. विभाग मात्र ३०० असून सर्वांत लेखन चालू असेल, तर प्रत्येकास २२ मेगाबाइटही मिळत नाहीत. कप्पे अर्धेमुर्धे असतानाच रिते होतात, बारीक फाईलींचा ढीग साचतो, आणि त्या एकत्र करण्यातच डिस्क गुंतून पडते. अशा स्थितीत विभाग कमी व मोठे करणे हाच पहिला उपाय होय.

त्यानंतर वाटणीकडे वळावे. वाचनासाठीही ४० टक्केच राखलेले असतात आणि दोहोंची बेरीज ८० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. वाचन थोडे असेल, तर लेखनास ५० व वाचनास ३० टक्के देणे सयुक्तिक ठरते.

एकूण स्मृती वाढविताना मात्र जपून राहावे. एचबेस जावा भाषेत लिहिलेली आहे आणि जावाचा कार्यक्रम निरुपयोगी झालेली स्मृती वेळोवेळी झाडून काढतो. आवार मोठे तितकी झाडलोट लांबण्याचा धोका अधिक. तेवढा वेळ सर्व्हर स्तब्ध असतो. ‘झूकीपर’ हा पहारेकरी कार्यक्रम मूळ नियमाने ९० सेकंद वाट पाहतो. तोवर उत्तर न आल्यास तो जिवंत सर्व्हर मृत ठरतो, त्याचे विभाग इतरांच्या गळ्यात पडतात, आणि आधीच भाराने वाकलेल्या त्या सर्व्हरांना कीर्द पुन्हा वाचून नोंदी उभ्या कराव्या लागतात.