वारीचा बाजार आणि परवान्याचा कागद

आषाढी शुद्ध एकादशी जवळ आली की पंढरीत दर्शनबारीइतकीच दाटी पथाऱ्यांभोवती होते. तुळशीच्या माळा, टाळ, बुक्का, सनगरांनी विणलेली काळी घोंगडी. माघारी फिरणारा वारकरी यांतले काही ना काही पडशीत घालतोच. माळा घडविणारी काशीकापडी घराणी पंढरपुरातलीच. परंतु चार दिवसांपुरता परगावाहून येणारा कारागीर कोणत्या कागदाच्या आधारावर बसतो?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पुष्कळ दिले आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यास उठविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. परंपरेने ग्राहक व विक्रेते जेथे जमतात, तो पाहणीत नोंदला गेलेला ‘नैसर्गिक बाजार’ विक्रीबंदीचे क्षेत्र ठरविता येत नाही. वारीच्या बाजाराहून अधिक नैसर्गिक बाजार महाराष्ट्रात दुसरा कोणता दाखवावा?

मेख आहे ती प्रमाणपत्राच्या अटीत. विक्री स्वतः वा कुटुंबीयांनी करावी, हे रास्त. प्रमाणपत्र भाड्याने देऊ नये, हेही रास्तच. नाहीतर दलालांचे फावेल. तथापि उपजीविकेचे अन्य साधन नाही, अशीही हमी द्यावी लागते. मग सनगराचा माग हे अन्य साधन समजावयाचे काय? वर्षभर माग चालतो, म्हणून तर पथारीवर घोंगडे येते! विणणे आणि विकणे हा एकच धंदा मानला, तर ही अट आड येणार नाही.

करखात्याने हा फिरता कारागीर निराळा ओळखला, हे नवलच म्हणावयाचे. परराज्यात जत्रेपुरता माल विकणारा वस्तू व सेवा कराच्या भाषेत ‘नैमित्तिक करपात्र व्यक्ती’ ठरतो, आणि उलाढाल कितीही लहान असली तरी त्यास नोंदणी सक्तीची असते. मात्र कर्नाटकातून लाखेची लाकडी खेळणी आणणाऱ्यासारख्या हस्तकारागिरांस, उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असल्यास, २०१७ मध्ये त्यातून सूट मिळाली. पॅन आणि ई-वे बिल तेवढे लागते.

पथविक्रेता कायद्यातही वाट आहे. प्रमाणपत्र स्थिर विक्रेत्याचे, फिरत्या विक्रेत्याचे किंवा योजनेत नमूद होईल अशा अन्य प्रकारचे असू शकते. ‘यात्रा विक्रेता’ हा प्रकार तेथे घालता येईल, आणि योजना आखण्याचा अधिकार राज्य शासनाचाच आहे. कायदा नागरी भागापुरता असल्याने खेड्यातील जत्रांना त्याचा उपयोग नाही. परंतु आषाढीचा हा बाजार तर पंढरपूर नगरपरिषदेच्या हद्दीतच भरतो.